रंगाआधी मोजमाप शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. मुलीची चित्रकला चांगली आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी आहे, गणपतीची आरास तीच करते, तेव्हा तिला इंटिरिअर डिझायनिंगला घालावे का, असे पालक विचारतात. नाशिकमध्ये बावीस वर्षे हा व्यवसाय केल्यावर माझे असे मत झाले आहे की प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते, आणि वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्या व शिक्षणसंस्थांच्या जाहिराती त्याचे उत्तरही त्याच टोकापासून देतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हातात चित्रकला असणे ही या क्षेत्रात मोलाची गोष्ट आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आमचा बहुतेक दिवस ज्या कामात जातो ते मोजमापाचे, हिशोबाचे आणि माणसे सांभाळण्याचे काम आहे, आणि नेमके तेच प्रवेश घेणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेतून वर्षभराचा डिप्लोमा केलेली एक मुलगी माझ्याकडे कामाला आली. संगणकावर ती खोलीचे चित्र इतके देखणे उभे करी की ग्राहक पाहताक्षणी होकार देत. गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये तिने बेडरूमचे माप घेतले, दोन भिंतींच्या मध्ये बसणारे दहा फुटी कपाट काढले आणि नकाशा सुताराच्या हाती दिला. आमचे सुतार मिस्त्री जुने आहेत. प्लायवूडला करवत लावण्यापूर्वी त्यांनी कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, धरला आणि काही न बोलता मान हलवली. मग जमिनीवर एका भिंतीलगत तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीलगत चार फुटांवर खूण करून त्यांनी दोन खुणांमधले तिरके अंतर टेपने मोजले. कोपरा काटकोनात असता तर ते बरोबर पाच फूट भरले असते. ते सात सूत कमी भरले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मागच्या बाजूला दहा फूट असलेली ती जागा दोन फूट पुढे येईपर्यंत सहा सुतांनी अरुंद होत होती, म्हणजे नकाशाप्रमाणे केलेले कपाट आत सरकलेच नसते. शाळेत सातवी-आठवीत पाठ केलेला पायथागोरसचा सिद्धांत त्या दिवशी त्या मुलीच्या डोळ्यांसमोर फरशीवर उतरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती म्हणाली, “मॅडम, भिंत वाकडी असू शकते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.” वर्षभरात तिच्या वर्गाची ‘साइट व्हिजिट’ एकदाच झाली होती, आणि तीही लाद्यांच्या दुकानात.

यात त्या मुलीचा काहीही दोष नव्हता. पुढे आठ महिन्यांत ती भिंतीचा उभा सरळपणा पाहणारा ओळंबा आणि आडवी समपातळी पाहणारी पाणसळ वापरायला शिकली, आणि आज ती माझ्यापेक्षा काटेकोर माप घेते. मात्र तिच्या आईवडिलांनी कर्ज काढून फी भरली होती, आणि त्या पैशात तिला जे मिळायला हवे होते ते एका मिस्त्रींनी पगारी दिवसातला वेळ काढून फुकट शिकवले.

मोजमाप हे केवळ भिंतींचे नसते, माणसांचेही असते. स्वयंपाकघराचा ओटा साधारणतः ३२ ते ३४ इंच उंचीचा करतात, असे शिकवले जाते. पण ज्या घरात जेमतेम पाच फूट उंचीच्या सासूबाई रोज वीस-पंचवीस पोळ्या लाटतात, तिथे त्यांना प्रत्यक्ष उभे करून, पोळपाटाची उंची धरून त्यांचे कोपर कुठे येते हे पाहावे लागते. दोन इंचांची चूक झाली तर लाटताना त्यांचे खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळपर्यंत मान अवघडते. ही तक्रार घेऊन त्या कधीच आमच्याकडे येत नाहीत. वय झाले म्हणून दुखते, असे समजून सोसत राहतात. या व्यवसायातली खरी जबाबदारी मला अशा ठिकाणी दिसते, आणि पिंटरेस्टवरची छायाचित्रे कितीही चाळली तरी तिची जाणीव होत नाही.

साहित्याच्या बाबतीतही तेच आहे. ‘एमआर’ प्रतीचे प्लायवूड दमट हवा सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. तरीही ते सिंकखालच्या कपाटाला वापरले जाते आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगते. तिथे आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड लागते, ज्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही हे तपासलेले असते. ज्या नवख्या डिझायनरला हा फरक माहीत नाही, ती दुकानदार सांगेल तो माल पसंत करते, आणि इथूनच पुढची वाट घसरडी होते. प्लायवूड, हार्डवेअर आणि लाद्यांच्या व्यवहारात डिझायनरला कमिशन देण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि ग्राहकाला बहुधा तिचा पत्ता नसतो. सुरुवातीला ग्राहक फी देताना घासाघीस करतात, नुसत्या नकाशाचे कसले पैसे असे विचारतात, तेव्हा घरभाडे भागवण्यासाठी मुले त्या कमिशनकडे वळतात. त्यांना दोष देण्याआधी हे पाहिले पाहिजे की आपल्या ज्ञानाची फी ताठ मानेने मागता यावी इतके ज्ञान आपण त्यांना दिलेच नव्हते.

कायद्याचे पाठबळही या क्षेत्राला नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या पदनामाला संरक्षण दिले; त्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी कोणतीही वैधानिक नोंदणी नाही. त्याच १९७२ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संस्था चांगले काम करते, पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. त्यामुळे तीन महिन्यांचा वर्ग केलेली व्यक्ती आणि चार-पाच वर्षे पदवीचे शिक्षण घेतलेली व्यक्ती एकच पाटी लावू शकतात. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायला सांगणाऱ्याला ती भिंत वरचा भार पेलते आहे का हे कळत नसेल, आणि त्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही विचारले नसेल, तर त्याची किंमत संपूर्ण इमारत मोजते. नाशिकच्या जुन्या वाड्यांत, जिथे भारच भिंतींवर आहे, तिथे ही भीती अधिकच खरी आहे.

चांगले शिक्षण उपलब्धच नाही, असे मला म्हणायचे नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत हा विषय शिकवला जात आला आहे, आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठासारख्या ठिकाणी तो पदवीपर्यंत गंभीरपणे शिकवला जातो. अडचण गल्लोगल्ली निघालेल्या त्या वर्गांची आहे, जिथे एक सॉफ्टवेअर शिकवून ‘करिअर’ विकले जाते.

एक गोष्ट मुलींच्या पालकांसाठी मला मुद्दाम लिहायची आहे, कारण माझ्या पाहण्यात या वर्गांमध्ये मुलींची संख्या जास्त असते. शिक्षण संपले की घरचे म्हणतात, साइटवर धूळ असते, अनोळखी कामगार असतात, तू ऑफिसात बसून संगणकावरचे काम घे. साइटवर स्वच्छतागृह नसते ही अडचण मीही सोसली आहे आणि ती खोटी नाही. माझ्या प्रत्येक कामावर मी आता ती सोय करूनच काम सुरू करते, आणि ग्राहकांनीही तसा आग्रह धरावा. पण भीतीपोटी साइट सोडलेली मुलगी पुढची दहा वर्षे दुसऱ्यांच्या नकाशांना रंग भरत राहते, हे मी अनेक हुशार मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले सुतार आणि आपल्याकडचे गवंडी यांच्याकडून मला जेवढे शिकायला मिळाले तेवढे कोणत्याही पुस्तकातून मिळाले नाही, आणि त्यांनी मला नेहमी मानानेच वागवले.

आपल्याला माझी विनंती अशी की यंदाच्या करिअर पुरवणीत या अभ्यासक्रमांची माहिती देताना प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारून त्याचे उत्तर छापावे: विद्यार्थी किती दिवस प्रत्यक्ष चालू कामावर असतो, आणि तिथे त्याला शिकवते कोण? निदान चार महिने सुतार, गवंडी, प्लंबर आणि वायरमन यांच्यासोबत काम, आणि त्या काळात प्रवासखर्च व जेवण भागेल इतके तरी विद्यावेतन, ही अट मला अजिबात जास्त वाटत नाही. संस्थांच्या वर्गांत अनुभवी मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलावले, तर तेही आनंदाने येतील. आमच्या मिस्त्रींना मी विचारून ठेवले आहे.

ज्यांना प्रवेशाआधी हे काम जवळून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी जून महिनाभर दर शनिवारी सकाळी माझी चालू साइट खुली राहील. मुलांनी पालकांसह यावे, जुने कपडे आणि बंद बूट घालावेत, आणि सोबत एक टेप आणावी. आपल्या कार्यालयामार्फत संपर्क साधल्यास मी पत्ता कळवीन.

आपली विश्वासू,
एक इंटिरिअर डिझायनर, नाशिक