चि. निखिल, रविवारच्या भांडणानंतर

मुलुंड, मंगळवार रात्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास. "बाबा, तुम्हाला सर्व्हरमधलं काय कळतं?" म्हणालास. नाहीच कळत. पण पाडव्याला तुझी आंबे विकायची साईट सहा तास बंद, देवगडच्या पेट्या आपल्या जिन्यात, आणि तू पहाटे तीनला होस्टिंगवाल्यांच्या, म्हणजे साईटला सर्व्हरवर भाड्याने जागा देणाऱ्यांच्या, चॅटवर "आम्ही पाहतोय" हे एकच वाक्य वाचत बसलेला. एवढं तर दिसत होतं. झोपतोस ना रे?

साईट ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची त्यांची हमी मी कागदावर मांडली. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा त्यांनी आधीच घेतलीय. त्यापुढे गेलं तर फार तर भाड्यातले चार पैसे वळते करतील. नासलेल्या आंब्याचे कोण देणार? स्वस्त शेअर्ड जागा, एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट, म्हणजे चाळीतला एक नळ. वरच्या मजल्यावर लग्न निघालं की आपली बादली कोरडी.

टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये आमचे २४ सेल असायचे, दोन-दोन व्होल्टचे, एकूण ४८. हायड्रोमीटरने एकेकाची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता, बघून वहीत लिहायची. अ‍ॅसिडने शर्टांना भोकं पडायची, आई कावायची. लाईट गेली तरी लोकांचे फोन चालू राहायचे ते त्या वहीमुळे. ही मिजास मला आहे, असू दे.

पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी त्याच खोलीत होतो. जनरेटरच्या इंजिनात पाणी शिरलेलं, उरलेली बॅटरी पुरवून पुरवून वापरत होतो. तू दुसरीत, शाळेत अडकलेला. आई कमरेएवढ्या पाण्यातून गेली आणि तुला खांद्यावर घेऊन आली. मी दोन दिवसांनी घरी आलो तर तू माझ्याकडे आला नाहीस, काकूच्या मागे लपलास. एक्सचेंज चालू ठेवलं म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती. ते आता आठवतही नाही नीट.

म्हणून विचारतो, झोपतोस ना? दर पाच मिनिटांनी साईट तपासणारं ते जे काय लावलंयस, ते उशाशी नको ठेवूस.

समोरच्या घरातला मुलगा म्हणाला, डोमेन, म्हणजे साईटचं नाव, होस्टिंगवाल्याकडेच अडकवू नये, वेगळीकडे आणि स्वतःच्या नावावर असावं. बॅकअप रोज, आणि त्यांच्याच मशीनवर नाही, घरच्या डिस्कवरही. कधीतरी उघडूनही बघावा. जागा बदलायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा, म्हणजे साईटचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा, टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणायचा, आणि जुनं खातं आठवडाभर तसंच ठेवायचं. तीन वर्षांचे पैसे भरलेत म्हणून तिथेच कुढत बसणं... बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर. हे सगळं तुला माझ्या आधीपासून माहीत असणार.

काकांना मी सांगितलंय, पोरानं दलालाशिवाय आंबा विकून दाखवला. तुला कधी बोललो नाही.

शनिवारी रात्री नव्या सर्व्हरवर हलवणार असशील तर कळव, अंधेरीला येतो. तू दोन तास आडवा हो, मी स्क्रीनकडे बघत बसेन. लाल झालं की उठवीन. रात्रपाळीची सवय आहे मला.

तुझे,
बाबा

ता. क. रविवारचा डबा परत आण. आई रोज विचारते.