सोबत तोडू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय: साथीच्या काळात डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णाला त्याच्या सोबतच्या माणसापासून वेगळे न करण्याबाबत

महोदय,

सध्या साथ नाही, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. साथ आली की आदेश रात्री उशिरा निघतो, सकाळी त्याची पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर फिरते आणि दुपारपर्यंत गेटवरचा वॉचमन त्याचा आपल्या परीने अर्थ लावून मोकळा होतो. त्या धांदलीत माझ्या आईसारख्यांची आठवण कोणाला होईल, असं मला वाटत नाही. ती आताच करून देते.

मागणी एकच आहे. डिमेन्शियाचा रुग्ण आणि त्याचं रोजचं करणारं माणूस, या दोघांना सरकारदरबारी जोडीने धरा. प्रवासाची मुभा, लस, रुग्णालयातला प्रवेश, जे काही ठरवाल ते दोघांचं मिळून ठरवा. करणारं माणूस कधी मुलगी असते, कधी नवरा, कधी पगारी मावशी. अशा बऱ्याच मुंबईकर घरांत यातली दोन माणसं मिळून एक म्हातारं माणूस सांभाळत असतात.

आमच्याकडे मी आणि मावशी. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. 2020 साली ती 78 वर्षांची होती, अल्झायमर्सचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान होऊन काही वर्षं झालेली. मी बँकेत. मावशी टिटवाळ्याहून दादरला यायच्या, सकाळी आठ ते रात्री आठ, रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत. आईचं सगळं त्यांच्या हातात होतं आणि त्यातलं अर्धं मलाही येत नव्हतं. आई घास घेत नसे. मावशी तिच्यासमोर स्टुलावर बसून आधी स्वतः मोठा ‘आ’ करायच्या, मग आईचं तोंड उघडायचं. गोळी केळ्याच्या फोडीत. आंघोळीला ‘चला’ म्हटलं तर हटून बसायची, पण ‘बाई, घंटा झाली’ म्हटलं की उठून पदर सारखा करायची. संध्याकाळी सहानंतर ‘मला घरी सोडा’ सुरू झालं की मावशी तिला चप्पल घालून जिन्यापर्यंत नेत आणि परत आणत. ही माहिती कुठल्याही फाइलमध्ये नसते. ती एका माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. ते माणूस गेलं की रुग्णाचं जेवण, झोप, शौच सगळंच विस्कटतं.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल थांबली. मावशी टिटवाळ्यात, आई दादरला. माझी बँक अत्यावश्यक ठरली, मावशींचं काम ठरलं नाही. मी शाखेत जाऊन लोकांच्या पासबुकात नोंदी करायच्या आणि आईने शेजारच्या काकूंना ‘तुम्ही कोण?’ विचारत बसायचं, असा तो कारभार. उरलेल्या दिवसांसाठी रजा, मग बिनपगारी रजा. जेवणाच्या वेळी मावशींना व्हिडिओ कॉल लावायचे. त्या पलीकडून ‘आ’ करायच्या. आई फोन उलटा करून त्याच्या मागे मावशींना शोधायची. कधी घास जायचा, कधी नाही. मी कामावरून मास्क लावून आले की घाबरायची. चेहरे आधीच पुसट झालेले, त्यातला अर्धा आपण झाकला.

आता तुमच्या खात्यासाठी महत्त्वाचं ते सांगते. कागदावर सवलत होती. मार्च 2020 च्या अखेरीस केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने लिहिलं होतं की दिव्यांगांची काळजी घेणाऱ्यांना निर्बंधांतून सूट द्यावी किंवा सोप्या पद्धतीने पास द्यावेत. 21 एप्रिलला केंद्रीय गृहखात्याने घरी राहणाऱ्या ज्येष्ठांच्या मदतनिसांना परवानगी असल्याचा खुलासा केला. पण परवानगी असून माणूस टिटवाळ्याहून दादरला येणार कसा? 15 जूनला लोकल सुरू झाली ती ओळखपत्र असलेल्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी. मावशींकडे आधार कार्ड आणि ब्युरोच्या पावतीशिवाय काही नव्हतं. 21 ऑक्टोबरपासून बायकांना प्रवासाची मुभा मिळाली, सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. मावशींची पाळी आठची. डिमेन्शियाच्या माणसाची सकाळ अकराला सुरू होत नाही. डायपर पहाटेच भरलेला असतो.

लसीचंही तेच. 1 मार्च 2021 पासून आईला लस मिळू शकत होती. तिला दिवसभर हाताने भरवणाऱ्या, तिचा श्वास चेहऱ्यावर घेणाऱ्या 42 वर्षांच्या मावशींना नव्हती. आरोग्यसेवक म्हणावं तर ब्युरोच्या बायका त्या यादीत नाहीत. घरेलू कामगार म्हणावं तर त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंद नाही, त्यामुळे 2021 च्या निर्बंधांत नोंदणीकृत घरेलू कामगारांना जाहीर झालेले 1,500 रुपयेही नाहीत. (ब्युरोचं कमिशन मात्र दर महिन्याला न चुकता कापलं जात होतं.) अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देणं मुंबईत सुरू झालं ते जुलै 2021 च्या अखेरीस, तेही उच्च न्यायालयात बरीच चर्चा झाल्यावर.

एप्रिल 2021 मध्ये आईला कोविड झाला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या नर्स जीव तोडून काम करत होत्या आणि नियम त्यांनी केलेला नव्हता. नियम असा की सोबत कोणी नाही. मी पीपीई किट माझ्या खर्चाने घालते म्हटलं, हमीपत्र लिहून देते म्हटलं. नाही. आई आत गेली. ऑक्सिजनची नळी ओढून काढायची म्हणून तिचे हात कॉटला बांधले. तिला भूक लागली हे तिला सांगता येत नव्हतं आणि ‘आ’ करायचं कोणाला माहीत नव्हतं. ती बरी होऊन घरी आली, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ‘घंटा झाली’ म्हटलं तरी उठत नव्हती. डिमेन्शियाच्या रुग्णाला संसर्गात, अनोळखी जागी, ओळखीचं माणूस नसताना गोंधळाचा झटका येतो, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. त्यात गेलेलं बरंचसं परत येत नाही. ओळखीचा आवाज जवळ असणं हा त्यावरच्या उपचाराचाच भाग असतो. तो नियमाने काढून घेतला.

2007 च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकली. योग्यच केलं. पण सांभाळायला निघालेल्या मुलीला वॉर्डच्या दारात अडवायचं, हे त्या कायद्यात कुठे बसतं?

हा चार घरांचा प्रश्न नाही. देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. केरळने 2014 मध्येच डिमेन्शियासाठी राज्याचा उपक्रम सुरू केला. बरेच रुग्ण ‘वय झालं’ या नावाखाली निदानाविना घरात असतात. दिव्यांग प्रमाणपत्राची अट घातली तर त्यातले बहुतेक गळतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत डिमेन्शियाचं वेगळं नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी आधी तो कोणत्या रकान्यात बसवायचा यावरच खेटे सुरू होतात.

म्हणून काळजीवाहकाचं ओळखपत्र द्या. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरने लिहून द्यावं, वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य अधिकाऱ्याने शिक्का मारावा, त्यावर रुग्णाचं नाव आणि दोन काळजीवाहकांची नावं. त्यात एक पगारी असली तरी चालेल, असं स्पष्ट छापा, नाहीतर खालचा कारकून ‘रक्ताचं नातं’ मागेल. हे कार्ड रेल्वेच्या खिडकीवर, नाकाबंदीवर आणि वॉर्डच्या दारात चालेल, असा आदेश साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांखाली आताच तयार करून ठेवा. रेल्वे केंद्राची आहे हे मला कळतं, पण 2020 मध्ये कोणाला चढू द्यायचं त्याच्या याद्या राज्यानेच पाठवल्या होत्या. कोविड वॉर्डात एका माणसाला किट घालून बसू द्यायला किती खर्च येतो, तो आपल्या अधिकाऱ्यांना काढायला सांगा. मला वाटतं, हात बांधायला लागणाऱ्या मनुष्यबळापेक्षा तो कमीच निघेल.

आणि अर्जाला स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र जोडायला सांगू नका. ज्यांच्यासाठी हे कार्ड आहे त्यांना रुग्णाला एकटं सोडून तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहता येत नाही. अर्ज घरी येऊन घेता आला तर फारच बरं. आशा सेविका त्या गल्लीत येतातच.

आपली,
दादरची एक मुलगी

ता. क. मावशी आता दुसऱ्या घरी एका आजोबांकडे आहेत. कार्ड निघालं तर पहिला अर्ज त्यांचा असेल, मी भरून देणार आहे.