हेलियम कुठला, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, सादर नमस्कार.

दोन दिवसांसाठी तुम्ही अमळनेरला माहेरी आला होतात आणि मी ना ओळख ना पाळख, लॅपटॉप घेऊन तुमच्या ओट्यावर ठाण मांडलं. त्याची आधी माफी, आभार मग.

एमएस्सीच्या प्रकल्पाला मी औष्णिक, म्हणजे मंदावलेले, न्यूट्रॉन मोजणारी हेलियम-३ वायूची ट्यूब घेतली होती. जिआंट-४ मधलं (कण पदार्थातून कसे जातात ते संगणकावर दाखवणारं सॉफ्टवेअर) सिम्युलेशन, व्यास अडीच सेंटिमीटर, दाब ४ वातावरण. दहा लाख न्यूट्रॉन सोडावेत, तर हाती एखाद-दोन नोंदी! तीन आठवडे मी फिजिक्स लिस्टच, म्हणजे कणांनी कसं वागायचं त्या नियमांची यादीच, बदलत बसले. न्यूट्रॉनसाठीची जास्त नेमकी एचपी यादी लावली, ४ ईव्हीखालचं (ईव्ही हे ऊर्जेचं एकक) औष्णिक विखुरण जोडलं (ते पॉलिथिनसारख्यासाठी; हेलियमला त्याचं काय!).

तुम्ही कोड उघडलासुद्धा नाही. कळण्याची भाकरी मोडता मोडता विचारलंत, "हेलियम कुठला घेतलास?"

जिआंटच्या तयार पदार्थांच्या यादीतला. म्हणजे नैसर्गिक, ज्यात हेलियम-३ दहा लाख अणूंत जेमतेम एक-दीड. बाकी सगळा हेलियम-४, आणि तो न्यूट्रॉन गिळतच नाही. मी एवढ्यांदा ओरडले की आतून तुमच्या आईंनी विचारलं, "काय व्हयनं व माय?"

समस्थानिक बदलून निव्वळ हेलियम-३ घेतला, घनता हातानं घातली, लिटरला अर्धा ग्रॅम. व्यासाच्या रेषेत आरपार सोडलेल्या शंभरातले चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन पकडले गेले. ५३३० बार्नचा क्रॉस-सेक्शन (न्यूट्रॉन पकडला जाण्याची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) धरून कागदावर काढलं, तरी तेवढेच.

खरे उपकार मात्र पुढचे. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे किती ऊर्जेच्या किती नोंदी त्या आलेखात, ७६४ केईव्हीचं (हजार ईव्हीचा एक केईव्ही) शिखर आलं, पण त्याच्या डावीकडे दोन पायऱ्या, १९१ आणि ५७३ ला. पुन्हा चुकलं समजून मी त्या छाटायलाच निघाले होते. तुम्ही ताटाच्या काठाशी बोट टेकवलंत. न्यूट्रॉन पकडला की हेलियम-३ फुटून प्रोटॉन आणि ट्रायटॉन (हायड्रोजन-३ चं केंद्रक) होतात, ७६४ ची ऊर्जा दोघांत वाटून. तो इथे, भिंतीजवळ पकडला गेला की प्रोटॉन एकीकडे पळतो, ट्रायटॉन बरोबर उलटीकडे. प्रोटॉन भिंतीत गेला तर निदान ट्रायटॉनचे १९१ उरतात. ट्रायटॉन गेला तर प्रोटॉनचे ५७३. "खऱ्या ट्यूबलाही या असतात. दिसल्या नसत्या तर घाबरायचं," म्हणालात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्या पायऱ्यांवरच बोट ठेवलं. मी ताट मागितलं नाही, एवढंच.

आता बोरॉन ट्रायफ्लोराइडची ट्यूब करायला घेतेय. बोरॉन नैसर्गिक की बोरॉन-१० नं समृद्ध केलेला, ते या खेपेला वहीच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय.

तुमची,
ओट्यावरची