सदास पत्र: रिकाम्या ताब्याचं कलम

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

नानांच्या, तुझ्या वडिलांच्या, इमारतीच्या साठेखताचा (विक्रीआधीच्या कराराचा) मसुदा मिळाला. शनिवारी सह्या आहेत म्हणतोस. सदा, शनिवारी सह्या करू नकोस. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस, पाचवीपासूनची खोड आहे तुझी. म्हणून लिहून पाठवतो, म्हणजे मधे बोलता यायचं नाही. गणपतीनंतर माझं पत्र नाही म्हणून रागावला असशील. राग नंतर काढ, आधी हे वाच. प्रकृती ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे.

मसुद्यातलं कलम सहा पुन्हा काढून बघ. ‘विक्रेते 90 दिवसांत संपूर्ण इमारत रिकामी करून ताबा देतील, न दिल्यास विसाराच्या दुप्पट रक्कम परत करतील.’ 1 कोटी 40 लाखांचा आकडा बघून तुम्ही सगळे खूश झालात. पण तो आकडा या कलमाच्या जोरावर उभा आहे, आणि हे कलम तुम्ही पाळू शकत नाही. तळमजल्यावर मास्तर आहेत.

मास्तर 1991 पासून भाडेपावतीवर राहतात. त्यांचा करार परवान्याचा (लिव्ह अँड लायसन्सचा) नाही, ते भाडेकरू आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 त्यांना संरक्षण देतो. भाडं थकवलं, जागेचं नुकसान केलं, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही, मालकाला स्वतःला खरोखरीची गरज आहे, अशी जी कारणं कायद्यात दिली आहेत तेवढ्यांवरच, आणि तेही कोर्टातून, त्यांना काढता येतं. ‘आम्हाला इमारत विकायची आहे’ हे त्यातलं कारण नाही. मास्तर दर महिन्याला भाडं देतात, घर आरशासारखं ठेवतात. त्यांच्या पश्चात, सोबत राहणाऱ्या त्यांच्या मुलाकडेही ते भाडेकरूपण जाऊ शकतं. मग 90 दिवसांत काय करणार? मुदत संपली की इमारत घेणारी ती पार्टी तुला कोर्टात नेणार नाही. ती शांतपणे म्हणेल, ‘दुप्पट विसार द्या, नाहीतर भाव 20 लाखांनी उतरवा.’ आणि तोवर विसाराचे पैसे तुमच्या घरात वाटले गेलेले असतील.

मास्तरांना हलवायचा सरळ मार्ग आहे. ते स्वखुशीने ताबा सोडत असतील तर त्याचा मोबदला घेणं 1999 च्या कायद्यात बसतं. तो दस्त लेखी आणि नोंदणीकृत करायचा, रक्कम बँकेतून द्यायची. पण ही बोलणी आधी व्हायला हवीत, साठेखत नंतर. उलट क्रमाने गेलास की घाई आपली आणि अट त्यांची. तू त्यांच्याकडे जाणार असशील तर एकटा जा, दलालाला बरोबर नेऊ नकोस. त्यांनी तुला इंग्रजी शिकवलंय (जेवढं शिकलास तेवढं).

माझं मत विचारशील तर मास्तरांसकट विक. मालक बदलला म्हणून भाडेकरू बदलत नाही, नवा मालक जुन्याच्या जागी येतो एवढंच. कलम सहाच्या जागी असं घाल: ‘सोबतच्या परिशिष्टात नमूद भाडेकरू व परवानाधारक यांच्या वहिवाटीसह, आहे त्या स्थितीत.’ परिशिष्टात प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव, मजला, भाडं, अनामत, कराराची तारीख आणि वीजमीटरचा ग्राहक क्रमांक द्यायचा. अनामत रकमा किमतीतून वजा होतील, त्या पुढे परत द्यायची जबाबदारी खरेदीदाराची. खरेदीखताच्या तारखेपासूनचं भाडं त्याचं. त्याच दिवशी प्रत्येक बिऱ्हाडाला दोघांच्या सहीचं पत्र द्यायचं की यापुढे भाडं अमुक खात्यात भरा.

आता वरची सहा बिऱ्हाडं. शालूताई म्हणते सगळ्यांचे अकरा महिन्यांचे करार आहेत, स्टॅम्पपेपरवर. सदा, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय, पण महाराष्ट्रात तो खोटा आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे मेडिकल कॉलेजची ती दोन मुलं उद्या म्हणाली की आम्हाला तीन वर्षांसाठी दिलंय, तर सिद्ध करत तू बसायचं. सगळ्यांचे नवे करार ऑनलाइन नोंदवून घे. मुद्रांक पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का, नोंदणी फी शहरात 1000 रुपये. एक-दोन दिवसांचं काम आहे. खरेदीदाराच्या वकिलाने ही फाइल बघितली की त्याचा अर्धा संशय जातो. भिंतींना रंग लावून त्यातला एक आणाही जात नाही.

भावाचं गणित स्वतः कर, दलालाच्या तोंडून ऐकू नकोस. सहा बिऱ्हाडं 6,500 रुपयांप्रमाणे, मास्तरांचे 900, रिकामं आहे ते बिऱ्हाडही 6,500 ने जाईल असं धरू. वर्षाचे 5 लाख 56 हजार 800. सातही परवान्याच्या जागा वर्षातून महिनाभर मोकळ्या राहतील असं धरून 45,500 वजा. घरपट्टी, पंपाचं नि जिन्याचं वीजबिल, टाकी, सफाई मिळून 60,000. गच्ची नि रंग यांसाठी दरवर्षी आणखी 60,000 बाजूला ठेवलेच पाहिजेत, खाऱ्या हवेत त्याला इलाज नाही. हाती उरतात 3 लाख 91 हजार. खरेदीदाराला 3 टक्के परतावा चालत असेल तर किंमत 1 कोटी 30 लाख होते, 4 टक्के हवा असेल तर 98 लाखांच्या आत येते. मुदतठेवीत याहून जास्त मिळतं, मग कोणी इमारत का घेतो? खालच्या सहा गुंठ्यांसाठी. म्हणूनच त्याला रिकामा ताबा हवाय. तो भाडं विकत घेत नाहीये, तो पाडून नवं बांधायचा विचार करतोय. हे ओळखून बोललास तर जमिनीचा भाव मागता येईल. रत्नागिरीत मांडवीकडच्या मिळकतींना भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आतले निर्बंध आड येतात, मारुती मंदिराच्या टेकाडावर ते नाहीत, हे त्याला ठामपणे सांग.

त्या सहा गुंठ्यांची हद्द कायम मोजणी मात्र भूमी अभिलेखकडून करून घे. मागचा दगडी गडगा नगर भूमापनाच्या नकाशाशी जुळतो की नाही हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. तुझा तो चेंडू गडग्याच्या अलीकडे पडला होता, चौकार नव्हता, मी अजून तेच म्हणतो. पण गडगाच जागेवर नसेल तर आपल्या दोघांचंही चुकलं. शेजारची मंडळी मोजणीच्या दिवशी हजर राहतील असं बघ, नोटिशीवर त्यांच्या सह्या घे. विक्री ठरल्यावर हद्दीचा वाद निघाला तर पार्टी हातभर जमिनीसाठी लाखांनी भाव पाडते.

तिसरा मजला. मंजूर नकाशा तळमजला अधिक दोनचा आहे, वरची दोन बिऱ्हाडं नानांनी 1996 ला चढवली. त्यांची घरपट्टी नगरपरिषद घेते, पावत्या आहेत, हे खरं. पण कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ती दोन वेगळी दप्तरं आहेत. खरेदीदाराने कर्ज काढलं तर बँकेचा मूल्यांकनकार सहाच बिऱ्हाडं मोजेल. आर्किटेक्टकडून मोजमाप करून घे. बांधकामाच्या 2020 च्या एकत्रिकृत नियमावलीत चटईक्षेत्र नि सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) बसत असतील तर प्रशमन शुल्क, म्हणजे दंडाची रक्कम, भरून नियमित करून घेता येईल. बसत नसेल तर खरेदीखतात स्पष्ट लिही की तिसरा मजला मंजूर नकाशात नाही आणि खरेदीदाराला ते माहीत आहे. लपवलंस तर फसवणुकीचा आरोप तुझ्यावर येईल, नानांवर नाही.

आणि खांब. पश्चिमेच्या दोन खांबांचं प्लास्टर फुगलंय, एका ठिकाणी सळई दिसते. मीठ आत गेलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुटून पडतं. त्याच्यावर सिमेंट लिंपून रंग मारायचा सल्ला जो देतोय त्याचं ऐकू नकोस. आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या पावसात तोच तुकडा पुन्हा पडतो, बहुतेक पार्टी बघायला आलेली असताना. नीट करायचं तर सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, लोखंड ब्रशने चकचकीत घासायचं, झिजलं असेल तिथे नवी सळई जोडायची, गंजरोधक लेप, बाँडकोट, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घे आणि तो खरेदीदाराला दाखव. गिऱ्हाईक मे महिन्यात येतं, खरेदीखत ऑगस्टपर्यंत लांबतं आणि मधे गच्ची गळते. कागदावर आधीच लिहिलेल्या गळतीवर घासाघीस होत नाही.

सह्या कोणाकोणाच्या? नाना गेल्यावर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) वारस नोंद झाली का, हे मी दोनदा विचारलं, तू दोन्ही वेळा विषय बदललास. मृत्युपत्र नसेल तर माई आणि तुम्ही तिघं भावंडं, तू, अजू, शालूताई, असे चार समान हिस्से. नोंद नसेल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन उपयोग नाही, वकील पहिल्या पानावर अडवील. शालूताईला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल, तोंडी ‘मला काही नको गं बाई’ कागदावर चालत नाही. तिला नीट विचार. नको म्हणतेय की तुम्ही कोणी विचारलंच नाही म्हणून गप्प आहे, हे मला माहीत नाही आणि मला वाटतं तुलाही नाही.

अजू येऊ शकत नसेल तर त्याने कुलमुखत्यारपत्र दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवावं. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं, टपाल पाकीट तारखेसाठी जपून ठेव. मुखत्यार घरातला हवा. ती पार्टी आपल्याच माणसाच्या नावे ‘न रद्द होणारं’ मुखत्यारपत्र मागतेय, ते अजिबात द्यायचं नाही. पूर्ण पैसे यायच्या आत ताबाही नाही. साठेखतासोबत ताबा दिला की आयकराच्या दृष्टीने विक्री त्याच दिवशी झाली, हातात पैसे नसताना कर लागतो.

कराचं थोडक्यात. एकूण किंमत 50 लाखांच्या वर असल्याने प्रत्येकाचा हिस्सा 35 लाखच असला तरी खरेदीदार एक टक्का कापून भरणार. अजू अनिवासी, त्याच्या पूर्ण हिश्श्यावर साडेबारा टक्के नि वर उपकर, म्हणजे 4 लाख 55 हजार अडकतील. त्याने आधीच कमी कपातीचं प्रमाणपत्र काढावं, त्याला वेळ लागतो. नानांची जमीन 2001 च्या आधीची, म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. तुम्हा निवासी तिघांना साडेबारा टक्के सरळ किंवा महागाई निर्देशांक लावून 20 टक्के यांतलं कमी भरायची मुभा आहे, अजूला नाही. तू पुण्यात दोन वर्षांत घर घेणार असशील तर नफ्यावरचा कर वाचेल. सरकारी मूल्यांकन करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं तर कर त्या आकड्यावर लागतो, तेव्हा आधी तो काढून बघ. आणि विसार रोखीत 20,000 किंवा वर घेऊ नकोस, घेतलेल्या रकमेएवढा दंड होतो.

हे सगळं व्हायला चार-सहा महिने लागतील. ती पार्टी थांबणार नाही असं दलाल म्हणेल. न थांबली तर जाऊ दे. सहा गुंठे मारुती मंदिराला रोज विकायला निघत नाहीत.

मुग्धाचं बारावीचं काय ठरलं? तुझी बदली रद्द झाली हे ऐकून बरं वाटलं, वहिनींची धावपळ वाचली. माईंना साष्टांग नमस्कार. वाचून झाल्यावर फोन कर, आणि या वेळी मला बोलू दे.

तुझा,
विनू

ता. क. नानांच्या लोखंडी पेटीत 1988 चा बांधकाम परवाना नि भोगवटा प्रमाणपत्र असलं पाहिजे, मास्तरांच्या भाडेपावत्यांची स्थळप्रतही तिथेच. माईंना विचारून आजच काढ. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर नगरपरिषदेत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाक. अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस.