हिज्कीया राजाला काल्पनिक म्हणू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत बायबलमधल्या राजांवर जो लेख आला त्यात एक वाक्य होतं की हे सगळे राजे नंतरच्या लोकांनी रचलेले, पुरावा कुणाचाच नाही. असं सरसकट लिहिणं बरोबर नाही हो. शलमोनाच्या वैभवाबद्दल अभ्यासकांमधे वाद आहेत, मान्य, पण यरुशलेम (जेरुसलेम) राजधानी असलेल्या यहूदा राज्याच्या हिज्कीया राजाचं काय? त्याच्याबद्दल तर त्याच्या शत्रूनंच लिहून ठेवलंय.

इ.स.पू. 701 मधे अश्शूर (असिरिया) साम्राज्याचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला, ही हकीकत दुसरे राजे या पुस्तकात 18 व्या अध्यायापासून आहे, आणि तीच मोहीम सन्हेरीबानं मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभावर कोरून घेतली, तो स्तंभ आज ब्रिटिश म्युझियममधे आहे. तो म्हणतो मी 46 तटबंदीची शहरं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. कोंडलं म्हणतो, पण यरुशलेम घेतलं असं कुठंच म्हणत नाही, आणि एवढी बढाई मारणारा राजा हीच गोष्ट सांगायची राहू देईल का? हिज्कीयानं दिलेल्या खंडणीचं सोनं दोन्हीकडे 30 किक्कारच (किक्कार म्हणजे वजनाचं जुनं माप) आहे, चांदी मात्र बायबलमधे 300 आणि त्याच्याकडे 800. आकडे जुळत नाहीत तिथंसुद्धा माणूस तोच आहे, प्रसंग तोच आहे.

पाण्यासाठी यरुशलेमेत खडकातून खोदलेलं सुमारे 533 मीटरचं भुयार पण आहे, आजही लोक त्यातून पाण्यातनं चालत जातात. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या मजुरांना एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले ते सांगणारा शिलालेख 1880 मधे तिथं सापडला, आता तो इस्तंबूलला आहे. त्यात राजाचं नाव नाही हे खरं, पण बहुतेक अभ्यासक हे काम हिज्कीयाच्याच काळातलं मानतात आणि राजे पुस्तकातही त्यानं तळं आणि पाट करून शहरात पाणी आणल्याचं लिहिलंय.

आता आपल्या ख्रिस्ती मंडळींनाही मला एक सांगायचंय. देवाच्या दूतानं एका रात्रीत 1,85,000 अश्शूरी मारले हे आपण आवडीनं सांगतो, पण खंडणी भरायला हिज्कीयानं मंदिराच्या दारांवरचं सोनं काढून दिलं हे त्याच पुस्तकात लिहिलंय ते वगळतो. आणि त्याच मोहिमेत पडलेलं यहूदाचं लाखीश शहर तर आपण विसरलोच! शास्त्रात त्याचा उल्लेख येताजाता आहे, पण सन्हेरीबानं आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या, राजवाड्यात आख्ख्या दालनाच्या भिंतींवर लाखीशचा पाडाव कोरून घेतला, त्यात बैलगाडीवर सामान लादून बायकापोरांसह निघालेली कुटुंबं आहेत, सुळावर चढवलेले लोक आहेत, सगळं अगदी तपशिलात. यरुशलेम वाचलं तेव्हा त्या माणसांचं घरदार गेलं होतं, उपदेशात त्यांच्यासाठी निदान एक वाक्य तरी असावं असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच की त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि पुढच्या वेळी शास्त्रातल्या एखाद्या राजावर लेख द्याल तेव्हा लाखीशच्या त्या शिल्पांचा फोटो नक्की टाका, जागा कमी पडली तर माझं पत्र कापलंत तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, वसई