फेअर म्हणजे रास्त

कार्डिफ

ती. बाबा आणि ती. आई यांस शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुमचा प्रश्न अर्धाच राहिला. कापसाच्या एफएक्यू या प्रतीच्या नावातला ‘फेअर’ आणि आपल्या मनूच्या लग्नाच्या बायोडेटातला ‘फेअर’ हा एकच शब्द का, असं तुम्ही विचारलंत आणि मागून आई हसली. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शब्द एकच आहे, आणि त्यावरून मला तुम्हा दोघांशी बरंच बोलायचंय. फोनवर ते जमलं नसतं.

मुळात हा शब्द रंगाचा नव्हताच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता देखणं, बघून बरं वाटेल असं. माणसाला लागायचा, शेताला लागायचा, सकाळलाही. त्याच्या उलट शब्द ‘फाउल’, म्हणजे ओंगळ, घाणेरडं. फुटबॉलच्या मैदानावर पोरं ओरडतात तोच. ही जोडी पुढे सगळीकडे गेली. आभाळ स्वच्छ असलं की हवा फेअर, वादळ असलं की फाउल. माझ्या घरमालकीणबाईंच्या ओसरीत हवेचा दाब दाखवणारं जुनं बॅरोमीटर आहे, त्याच्या तबकडीवर अजून ‘चेंज’च्या पुढे ‘फेअर’ लिहिलेलं आहे. खाडाखोड नसलेलं लिखाणही फेअर. आमची शाळेतली रफ वही आणि फेअर वही आठवते ना? आणि ज्या व्यवहारात लबाडीचा डाग नाही, तोही फेअर. न्यायाचा हा अर्थ चौदाव्या शतकात रुळलेला दिसतो. उजळ कातडीचा अर्थही मूळचा नव्हे, पुढे जोडला गेलेला. तिथून ‘फेअर’च्या समोर ‘फाउल’ऐवजी ‘डार्क’ येऊन बसला. देखणं म्हणजे गोरं, हे समीकरण त्या शब्दातच मुरलं.

आता तुमचा कापूस. अमेरिकी कापसाच्या जुन्या प्रतवारीत ‘मिडलिंग’ ही मधली प्रत आणि ‘फेअर’ सगळ्यांत वरची. आपल्या अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावानं विकला जायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या गाठींना इथे एकदम भाव आला. बाजारातली ती बोली लोकांच्या तोंडात राहिली. वॉर्डमधल्या म्हाताऱ्या पेशंटना सकाळी “कसं वाटतंय?” विचारलं, तर काही जण अजून “फेअर टू मिडलिंग” म्हणतात. म्हणजे, चाललंय बरं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुम्हीच दिसलात बाबा, मुठीत कापूस दाबून ओलावा बघणारे, मग चिमटीत धागा ओढणारे. बोलण्यात मात्र ‘फेअर’ वरच्या प्रतीवरून घसरला. आज तो नुसता ‘बऱ्यापैकी’ झालाय. एफएक्यू म्हणजे फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी, त्यातला ‘फेअर’ हा.

इथे दिवसभरात तो किती कामांना येतो! ‘अ फेअर फ्यू’ म्हणजे बरेच. ‘फेअर इनफ’ म्हणजे पटलं. ‘टू बी फेअर’ म्हणजे खरं सांगायचं तर. सोनेरी केसांचा माणूसही फेअर. या सगळ्यांना एकच प्रतिशब्द नाही, जागा बदलली की शब्द बदलावा लागतो. कुठे ‘जस्ट’, कुठे ‘ब्लॉन्ड’, कुठे ‘क्लिअर’. वेल्श भाषेत ‘तेग’ म्हणून शब्द आहे, त्यातही सुंदर आणि न्याय्य हे दोन्ही अर्थ आहेत. चांगली हवाही ‘तेग’. एखाद्यानं मनापासून काम केलं की इथली माणसं इंग्रजी बोलता बोलता ‘ख्वारे तेग’ म्हणतात, म्हणजे फेअर प्ले, मानलं बुवा. मला हे फार आवडतं. आणि आपल्या चौकातल्या रेशन दुकानाची पाटी आठवा, ‘रास्त भाव दुकान’. सरकारी इंग्रजीत तेच फेअर प्राइस शॉप. रास्त! काय नेमका शब्द शोधलाय कुणीतरी.

आई, आता तुझ्याशी. मनूच्या बायोडेटात ‘कॉम्प्लेक्शन : फेअर’ लिहिलंय. मनू सावळी आहे. तुझ्यासारखी, आजीसारखी. जे नाही ते लिहून आपण सुरुवातच खोट्यानं करतोय, आणि उद्या पाहुणे घरात बसलेले असताना तो कमीपणा तिनं सोसायचा. ‘गहूवर्णी’ किंवा ‘निमगोरी’ असंही नको. तो रकानाच काढून टाक. बाबांनी आयुष्यभर कापसाची प्रत लावली, ती ठीकच होती, शेतकऱ्याला त्यावर भाव मिळायचा. पोरीची प्रत लावायची नसते. १९७५ साली बाजारात आलेल्या त्या क्रीमनंसुद्धा २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ काढलं. आपण अजून का धरून बसलोय?

लिहायचंच तर ती माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते हे नीट लिही. आत्ता नुसतं ‘नोकरी : खाजगी’ आहे. शेतकरी नमुना घेऊन आला की ती त्याला समोर बसवून खताचा हिशोब समजावते, हे गावात कुणालाही विचारा. बागेश्रीवर तिचा गळा किती छान लागतो तेही लिही. आणि समोरच्यांकडून काय हवं, हे तिला विचारून, तिच्याच शब्दांत. मी तिच्याशी बोलले आहे. ती तुला सांगायला कचरते, म्हणून मी सांगतेय.

फोटोही बदला. स्टुडिओवाल्यानं तिचा चेहरा एवढा पांढरा केलाय की हनुवटीवरचा तीळसुद्धा गेला. चिखलदऱ्याला काढलेला घ्या, वाऱ्यानं केस उडालेला. स्टुडिओवाल्याचे पैसे द्यायचे राहिले असतील तर देऊन टाका, पण ते प्रिंट पुढे कुणाला पाठवू नका. अकोल्याच्या मावशीकडे गेलेला मागून घ्या.

बाबा, नवा मजकूर इंग्रजीत तुम्हीच लिहा आणि मला पाठवा, मी रविवारी रात्रपाळी संपल्यावर वाचून फोन करते.

तुमची,
वैशू