घरात इंटरनेट आहे, पण कोणाच्या हातात?

मा. संपादक,
स. न.

'आता घरोघरी इंटरनेट पोहोचलंय' असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. घरात एक मोबाइल असला की झालं. तो मोबाइल दिवसभर कमावत्या माणसाच्या खिशात असतो, हे कोणी विचारात घेत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या व्याख्येप्रमाणे घरातल्या सर्वांना केव्हाही वापरता आलं, तरच घरात इंटरनेट आहे असं धरायचं. ही अट काटेकोरपणे लावली, तर कितीतरी घरं यादीतून गळतील.

हाच संघ स्मार्टफोनला संगणकात धरत नाही. डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट एवढेच धरतो. मला ते अगदी रास्त वाटतं. मागून आणलेल्या मोबाइलवर प्रवेशअर्ज भरणारं मूल जवळून पाहा. कीबोर्ड वर आला की रकाना झाकला जातो. फोटो ठरावीक केबीत बसवायचा, मार्कशीटची पीडीएफ करायची. ओटीपी वडिलांच्या नंबरवर जातो आणि वडील कामावर. तो विचारून घेईपर्यंत सेशन संपतं, की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. टेबलावर लॅपटॉप असलेल्या मुलाला आणि याला शेवटची तारीख मात्र एकच.

जगातल्या ३ ते १७ वयोगटातल्या दोनतृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नाही, असं युनिसेफ आणि याच संघाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं होतं. तेव्हा सगळे हळहळले. मग कोविडमुळे बंद असलेल्या शाळा उघडल्या आणि विषय मागे पडला. गृहपाठ, अर्ज, निकाल मात्र ऑनलाइनच राहिले. घरात एकच उपकरण असलं की आधी कोणाचा अभ्यास, हे मोठी माणसं ठरवतात. मुलींचा नंबर बहुधा शेवटी लागतो, याची मला फार चीड येते.

इंटरनेटचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं. पण ती सरासरी झाली. तुटपुंज्या कमाईच्या घराला तोच दर जड जातो, आणि उपकरणाची किंमत त्यात नाहीच.

म्हणून, जिथे ऑनलाइन अर्ज सक्तीचा आहे तिथे कागदी अर्जही घेतलाच पाहिजे. सार्वजनिक वाचनालयांत संगणक आणि शेजारी बसून मदत करणारा माणूस हवा, तोही कामाच्या वेळा संपल्यानंतर. आणि पाहणी करणाऱ्यांनी 'इंटरनेट आहे का?' एवढ्यावर न थांबता घरातल्या प्रत्येकाला ते कशावर आणि किती वेळ मिळतं, हेही विचारावं.

आपला,
एक वाचक